हिंजवडीचा पगार आणि न संपणारी शिकवणी

रोहिण्या सरल्या की मावळात दोन कामे एकदम अंगावर येतात. भाताची रोपे टाकायची आणि बारावी झालेल्या पोरापोरींचे पुढे काय करायचे ते ठरवायचे. पहिल्या कामात आपल्याला कोणाचा सल्ला लागत नाही. दुसऱ्यात मात्र जो भेटेल तो सल्ला देतो. कामशेतच्या बाजारात, वडगावला तहसील कचेरीच्या आवारात, लोणावळ्याच्या एसटी स्टँडवर एकच वाक्य कानावर पडते : ‘कॉम्प्युटरला घाला, हिंजवडी काय लांब नाही.’

हिंजवडी खरेच लांब नाही. तालुका मुळशी, पण आपल्या शिवेपासून हाकेच्या अंतरावर. मावळातल्या पुष्कळ घरांना त्या नोकऱ्यांनी हात दिला, हेही खरे. पत्रे जाऊन स्लॅब पडले, बहिणींची लग्ने झाली, विहिरीवर नवी मोटर बसली. ते नाकारण्याचे कारण नाही. पण ‘अमक्याच्या पोराला एवढ्या लाखांचे पॅकेज लागले’ हे गावात ऐकल्यावर आपण जे मनात धरतो आणि प्रत्यक्षात त्या पोराच्या हातात जे येते, त्यात फार अंतर आहे. आणि तो पगार टिकवण्यासाठी त्याला काय करावे लागते, याची तर गावात चर्चाच होत नाही. गुंठे विकून फी भरण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी तरी हा हिशोब एकदा बसून पाहावा.

पॅकेजच्या पोटात काय?

दुधाचे उदाहरण घ्या. डेअरीच्या फलकावर एक दर असतो आणि फॅट, एसएनएफ लागून हातात दुसराच येतो. पॅकेजचे तसेच आहे. समजा वर्षाला ३ लाख ६० हजार सांगितले. आपण लगेच बाराने भागतो आणि महिना ३० हजार म्हणतो. पण कंपनी ज्याला पॅकेज म्हणते त्यात तिने भविष्य निर्वाह निधीत भरायचा वाटाही धरलेला असतो. ग्रॅच्युइटीची तरतूद धरलेली असते, जी कायम नोकरीत साधारण पाच वर्षे काढल्याशिवाय मिळत नाही. बऱ्याच ठिकाणी आरोग्य विम्याचा हप्ता आणि ‘कामगिरीप्रमाणे’ मिळायची रक्कमही त्यातच मोजलेली असते. मग पोराच्या स्वतःच्या वाट्याचा निधी कापला जातो, व्यवसाय कराचे २०० रुपये जातात. सगळे जाऊन हाती पंचवीस हजारांच्या आसपास राहतात, कामगिरीचा भाग मोठा असेल तर त्याहून कमीच.

आता याला मागच्या वर्षांशी ताडून पाहा. २०१०-११ च्या सुमारास मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या नव्या अभियंत्याला वर्षाला तीन ते सव्वातीन लाख देत होत्या. आज दीड दशकानंतर पहिल्या पायरीचा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच घोटाळतो आहे. एवढ्या काळात महागाई दुपटीच्या वर गेली. सरकारने अनुदान देऊन धरून ठेवलेली युरियाची गोणी सोडली, तर या काळात कशाचा भाव जागेवर राहिला सांगा! कॉलेजची फी राहिली नाही, हिंजवडीतल्या कॉटचे भाडे तर नाहीच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कॉग्निझंट या कंपनीने वर्षाला २ लाख ५२ हजारांची भरती काढली तेव्हा देशभर गवगवा झाला. कंपनीने खुलासा केला, की हा आकडा अभियांत्रिकी नसलेल्या पदवीधरांसाठी आहे, अभियंत्यांना ४ ते १२ लाख देतो. खुलासा खरा धरला तरी महिना एकवीस हजारांवर पदवीधर मिळतो, हे त्यातून दिसलेच.

मग मोठे आकडे खोटे का? नाही. पण ते सगळ्यांसाठी नाहीत. टीसीएसचेच पाहा. नव्या मुलांना घेताना तिथे पायऱ्या आहेत. खालच्या पायरीला साधारण ३ लाख ३६ हजार, मधल्या पायरीला सात लाखांच्या आसपास, वरच्या पायरीला नऊ आणि पुढे. एकाच वर्गात, एकाच बाकावर चार वर्षे बसलेली दोन पोरे पहिल्याच दिवशी दुपटी-तिपटीच्या फरकाने कामाला लागतात. दोघांची पदवी एक, कॉलेज एक, फी एक. फरक पडतो तो परीक्षेच्या दिवशी कोणाला काय येत होते यावर, आणि त्यातले बरेचसे कॉलेजने शिकवलेले नसते. म्हणजे शिकवणीचे ओझे नोकरीच्या आधीपासूनच सुरू होते.

इंद्रायणी आणि फॉक्सप्रो

हे ओझे समजायला वडगावच्या भात संशोधन केंद्रापर्यंत चला. आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तिथे तयार झालेला इंद्रायणी वाण १९८७ साली प्रसारित झाला. त्या वेळी आपल्या वडीलधाऱ्यांना थोडे नवे शिकावे लागले. रोप किती दिवसांचे घ्यायचे, खत कधी टाकायचे. पुढे चारसूत्री पद्धत आली, गिरिपुष्पाचा पाला आणि युरियाच्या गोळ्या आल्या. तेही शिकलो. पण एकदा शिकल्यावर ते ज्ञान मातीत मुरले. जवळजवळ चाळीस वर्षे होत आली, पुण्याच्या बाजारात इंद्रायणी तांदळाला अजून नावावर गिऱ्हाईक आहे. बापाने शिकलेले पोराच्या कामाला आले.

त्याच काळात पुण्यात संगणकाचे क्लास निघू लागले. तिथे डीबेस शिकवत, मग फॉक्सप्रो आले. नव्वदच्या दशकात ज्याला फॉक्सप्रो येते त्याला कारखान्यात, पतपेढीत, साखर कारखान्याच्या लेखा विभागात हमखास काम होते. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोची नवी आवृत्ती काढणार नाही असे २००७ मध्ये सांगितले आणि २०१५ मध्ये आधारच काढून घेतला. मधल्या काळात पोरे फ्लॅश शिकली. वेबसाइटवरची हलती चित्रे त्यात होत. ते ३१ डिसेंबर २०२० ला बंद पडले. ही काही न चालणारी वाणे नव्हती बरे का! भरघोस पिकणारी होती, आणि कंपनीने बियाणेच काढून टाकले.

आजच्या प्रमाणपत्रांचे तर आणखी पुढचे आहे. बियाण्याच्या पिशवीवर मुदत छापलेली असते तशी या प्रमाणपत्रांवरही असते. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची एक चालू परीक्षा आहे. फी १५० डॉलर, म्हणजे आपले तेरा हजारांच्या घरात, आणि प्रमाणपत्र तीन वर्षांनी शिळे. मायक्रोसॉफ्टची काही प्रमाणपत्रे वर्षातच ताजी करून घ्यावी लागतात. (ताजी करायला पैसे घेत नाहीत, एवढे उपकार.)

हे दुखणे गावात कोणाला कळेल तर ते भाऊसाहेबांना. तलाठ्यांचा हुद्दा आता ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकांचा ग्रामपंचायत अधिकारी झाला, पण गावासाठी दोघेही भाऊसाहेबच. हाताने लिहिलेला सातबारा गेला, संगणकावरचा आला, मग ई-फेरफार, मग डिजिटल सहीचा उतारा. एमएस-सीआयटी झाली नाही म्हणून वेतनवाढ अडकल्याचे दिवस जुन्या कर्मचाऱ्यांना आठवत असतील. आपणही त्यातून सुटलो नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपणच मोबाइलवर करतो आणि दरवेळी ‘नवीन आवृत्ती घ्या’ असा निरोप येतो. गेल्या हंगामातले ॲप या हंगामाला चालत नाही. आपण वैतागतो, शेजारच्या पोराला हाक मारतो. आता कल्पना करा, की वर्षातून एकदा येणारा हा वैताग रोजचाच झाला आहे, तो आला नाही तर पगार बंद आहे, आणि हाक मारायला कोणी नाही. प्रोग्रामरचे जिणे साधारण असे असते.

शिकायचा वेळ कोणाच्या खिशातून?

खरा प्रश्न इथे आहे, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. नवे शिकावे लागते यात गैर काही नाही. शिकण्याचा वेळ आणि पैसा कोणाचा जातो, ते पाहायचे.

लोणावळ्यात आयएनएस शिवाजी आहे. १९४५ पासून नौदलाचे तांत्रिक शिक्षण तिथे चालते. जहाजावर नवे इंजिन आले की खलाशी तिथे येऊन शिकतो. त्या काळात त्याचा पगार चालू असतो, राहणे-जेवण सरकारचे, आणि वर्गात बसणे हीच त्याची ड्यूटी. शेतीतही नवा वाण शोधण्याचा खर्च आपण केलेला नाही, तो विद्यापीठाने केला. सॉफ्टवेअर कंपन्याही नव्या मुलांना सुरुवातीचे काही महिने शिकवतात, पगार देऊन शिकवतात. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र तर प्रचंड मोठे आहे. पण तिथेच फेब्रुवारी २०२५ मध्ये ३०० हून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवण्यात आले. तीन संधी देऊनही अंतर्गत परीक्षा पास झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. यातल्या अनेकांना नेमणुकीची पत्रे २०२२ मध्ये मिळाली होती आणि रुजू व्हायला दोन वर्षे वाट पाहावी लागली होती. पत्र हातात आले म्हणून गावाला पेढे वाटून झालेले, दोन वर्षे लोकांच्या चौकश्या झेलून झालेल्या, आणि मग हे.

सुरुवातीचे प्रशिक्षण संपले, की पुढची शिकवणी ज्याची त्याची. माझा भाचा पवन मावळातला. हिंजवडीत एका कंपनीत सहा वर्षे झाली. सकाळी मोटारसायकल कामशेत स्टेशनला लावून लोकल धरतो, आकुर्डीला उतरून पुढची बस. येण्याजाण्यात तीन तास सहज मोडतात. काम कागदावर नऊ तासांचे. घरी येऊन जेवायला नऊ-साडेनऊ. त्यानंतर लॅपटॉप उघडतो. बहिणीला वाटते पोराला कंपनी रात्रीही राबवते. तसे नसते. तो शिकत असतो. लागला तेव्हा जावा नावाच्या भाषेवर होता, गिऱ्हाईकाने काम पायथॉनवर नेले तेव्हा ते शिकला, मग क्लाउडची परीक्षा दिली, आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने शिकतो आहे. मी विचारले, ‘अरे, याचा पगार मिळतो का?’ तो म्हणाला, ‘मामा, याचा पगार मिळत नाही. हे नाही केलं तर असलेला पगार जातो.’ लावणीला मात्र शनिवार-रविवार खाचरात उतरतो. म्हणतो, इथे डोकं थांबतं.

त्याच्यासारख्या मराठी शाळेतून गेलेल्या पोरांना हे काम दुहेरी पडते. २०२१ पासून मराठीतून संगणक अभियांत्रिकी शिकवण्याची सोय निगडीच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली, ती चांगलीच. पण कोणतेही नवे साधन बाजारात येते तेव्हा त्याची माहितीपुस्तके इंग्रजीतच असतात. आधी भाषा फोडायची, मग विषय.

कंपन्यांत ‘बेंच’ नावाचा एक प्रकार आहे. मजूर अड्ड्यावर सकाळी काम मिळेपर्यंत माणूस बसून राहतो, तसे एक काम संपल्यावर दुसरे लागेपर्यंत प्रोग्रामर बसून असतो, फक्त पगार चालू असतो. पूर्वी हाच शिकण्याचा वेळ असे. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला, की वर्षात किमान २२५ दिवस गिऱ्हाईकाचे काम केलेले असले पाहिजे आणि बेंचवरचे दिवस ३५ च्या वर जाता कामा नयेत. त्या दिवसांतही रोज काही तास शिकायचेच. पगारी शिकण्याची ती एक फट होती, तीही अरुंद झाली. कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा आहे. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे ९ तास होते, २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १० तासांना मंजुरी दिली. पण कामासाठी रात्री घरी बसून शिकलेला तास कोणत्याच कायद्याच्या वहीत येत नाही. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, त्यावर वाद झाला. भाच्याने येणेजाणे, काम आणि रात्रीचे शिकणे मोजून दाखवले. ७० कधीच ओलांडले होते.

आमचे स्पष्ट मत असे, की ज्या शिकण्याचा फायदा कंपनी गिऱ्हाईकाकडून डॉलरमध्ये वसूल करते, ते शिकणे कंपनीच्या वेळेत झाले पाहिजे. नौदलाला जे जमते ते यांना जमू नये, असे नाही.

चार वर्षांनी काढणीला येणारे पीक

टोमॅटोला भाव आला की पुढच्या हंगामात शिवारभर टोमॅटो दिसतो, आणि मग तो रस्त्यावर ओतावा लागतो. हे आपण सोसले आहे. अभियांत्रिकी हे चार वर्षांनी काढणीला येणारे पीक आहे. पेरताना जो भाव असतो तो काढताना असेलच असे नाही. २०२१-२२ मध्ये करोनानंतर कंपन्यांना माणसे पुरत नव्हती. त्या एका वर्षात टीसीएसने लाखभर नवी पोरे घेतली, इन्फोसिसने ८५ हजारांच्या आसपास. कंपनी बदलली की पगार तीस-चाळीस टक्क्यांनी वाढत होता. ते ऐकून ज्यांनी प्रवेश घेतला ती तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. मधल्या काळात काय झाले? २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची माणसे मिळून सुमारे ६४ हजारांनी कमी झाली. आणि इकडे २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने काढून टाकली. पेरा वाढला, बाजार आखडला.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या मनुष्यबळातून सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले, की हे कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नाही, लागणारी कौशल्ये आणि माणसांजवळची कौशल्ये यांचा मेळ बसत नाही म्हणून आहे. वाचकहो, या वाक्याचा अर्थ नीट लावा. पंधरा-वीस वर्षे नोकरी झालेला माणूस सरकारी खात्यात पक्का होत जातो, त्याचा पगार दरवर्षी वाढतो, वेतन आयोग येतो. इथे पगार जितका वाढला तितके ‘एवढ्या पैशात याला नवे काय येते?’ हे विचारले जाते. अनुभव हा ठेवा आहे आणि ओझेही आहे. आणि याच वयात घराचा हप्ता चालू असतो, पोरे शाळेत असतात.

तळेगावची जनरल मोटर्सची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादन थांबले, पुढे २०२४ च्या सुरुवातीला कारखाना ह्युंदाईकडे गेला. कामगारांचे हाल झाले, पण त्यांची युनियन होती, लढाई कामगार खात्यात आणि न्यायालयात गेली. सॉफ्टवेअरवाल्यांना अशी सवय नाही. पुण्याची ‘नाइट्स’ ही संघटना अलीकडे सरकारकडे तक्रारी करते आहे, तेवढाच आवाज. बहुतेकांना एका खोलीत बोलावून राजीनामा लिहून द्या असे सांगितले, की ते लिहून देतात, कारण पुढच्या कंपनीत नाव खराब होईल ही भीती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगाराला नवे कौशल्य शिकण्यासाठी मालकाने पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम निधीत भरायची तरतूद आहे. पंधरा दिवसांच्या पगारात कोणती विद्या येते ते सरकारला माहीत! पण स्वतः राजीनामा दिला तर ती कपात धरली जात नाही आणि तेवढेही मिळत नाही. घरात कोणावर अशी वेळ आली तर सही करण्याआधी एका रात्रीची मुदत मागून वकिलाला विचारा, हे आताच सांगून ठेवा.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि नवशिक्याकडे दिली जाणारी साधी कामे यंत्र काही क्षणांत लिहून देऊ लागले. मळणी यंत्र आले तेव्हा झोडपणीचे मजूर कमी झाले, पण भात ओले आहे की वाळले हे बघणारा लागलाच. इथेही यंत्राने लिहिलेले बरोबर आहे का, हे ओळखणारा लागतो. अडचण अशी, की ती नजर साधी कामे करता करताच येत असे. ती कामेच यंत्राकडे गेली तर नवी पोरे ती नजर कुठे कमावणार? याचे उत्तर कंपन्यांनी अजून दिलेले नाही.

गुंठा काढण्याआधी

सगळे काही मुदतबाह्य होते असेही नाही. बियाणे बदलते, जमीन तीच राहते. बँकांचे मोठे व्यवहार अजून कोबोल नावाच्या १९५९ मधल्या भाषेवर चालतात. २००० साल उजाडण्याआधी जगभरच्या संगणकांतले दोन आकडी साल दुरुस्त करायचे काम निघाले तेव्हा हीच जुनी भाषा येणाऱ्यांना देशोदेशी मागणी होती. माहितीसाठ्यांची एसक्यूएल ही भाषा सत्तरच्या दशकातली, आजही रोज लागते. गणित, तर्क, माहितीची रचना कशी करायची याची समज, आणि इंग्रजी वाचून समजून घेण्याची ताकद ही जमीन. पोराला दहावी-बारावीत गणिताचा कंटाळा असेल आणि केवळ पॅकेज ऐकून त्याला या शाखेत घालत असाल तर फेरविचार करा. त्याला पुढची तीस वर्षे रात्रीचा अभ्यास लावून देत आहात.

पदवीनंतर ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासचे पेव फुटले आहे. लाख-लाख रुपये मागतात. हमी कागदावर काय लिहिली आहे ते वाचा. बहुधा मुलाखतीची हमी असते, नोकरीची नसते. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ फुकट आहे आणि त्यातले पुष्कळ धडे मराठीत आहेत. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. ज्या ग्रामपंचायतीत संगणक आणि इंटरनेट आहे तिथे संध्याकाळी दोन तास खोली उघडून द्यायला सरपंचांना फार मोठा ठराव लागणार नाही.

आता जमिनीचे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सर्वसाधारणपणे जमीन तारण ठेवावी लागत नाही, आणि हप्ता शिक्षण संपल्यावर साधारण वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र आधीपासून चढते. सात लाख कर्ज दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सव्वानऊ हजारांचा हप्ता येतो. हाती पंचवीस हजार असतील तर हप्ता, कॉट आणि जेवण भागून काय उरते ते तुम्हीच मांडा. म्हणून कर्जसुद्धा लागेल तेवढेच घ्या. कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, कॉलेजचा एजंट सांगेल ती फी नव्हे. केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असले, तर आर्थिकदृष्ट्या मागास सवलतीत मुलांची निम्मी शिक्षण फी सुटते. मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हे काहीच मिळत नाही, आणि मावळात गुंठे विकले जातात ते बहुतेक याच कोट्यापायी. लोणावळ्याच्या बाजूला बंगलेवाल्यांना दिलेली जमीन परत आल्याचे एक तरी उदाहरण कोणी दाखवावे.

या सवलती ज्या कागदावर मिळतात तो उत्पन्नाचा दाखला भाऊसाहेबांच्या अहवालावरून निघतो. प्रवेश फेऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी येतात आणि मुदत दोन-चार दिवसांची असते. दाखला चार दिवस उशिरा झाला, की पोरगा कोट्यात ढकलला जातो आणि बाप इसार घ्यायला निघतो. पालकांनी मेमध्येच अर्ज टाकावेत. भाऊसाहेबांनीही त्या पंधरवड्यात विद्यार्थ्यांचे अर्ज आधी काढावेत. कारण नेमक्या त्याच दिवसांत सर्व्हर बंद असतो, हा सगळ्यांचाच अनुभव आहे.